दुसरा अ‍ॅडमिन कोण?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनला पगार नसतो, रजा नसते आणि बहुतेक वेळा बदली माणूसही नसतो. सोसायटीचा किंवा दहावीच्या बॅचचा ग्रुप असेल तर त्याने काही बिघडत नाही. अ‍ॅडमिन आठ दिवस गावी गेला तर 'शुभ सकाळ'चे गुलाब थोडे जास्त येतात आणि निवडणुकीवरून दोघे जण ग्रुप सोडून जातात, एवढंच. आजारपणात एकमेकांना धरून राहण्यासाठी काढलेल्या ग्रुपचं तसं नाही. तिथे रात्री अकराला आलेल्या प्रश्नाला कोण काय उत्तर देतं आणि चुकीचं उत्तर कोण थांबवतं, यावर बरंच काही अवलंबून असतं. आणि असे कितीतरी ग्रुप एकाच माणसाच्या फोनवर उभे असतात.

सगळ्या आजारांबद्दल एकदम बोलण्यापेक्षा एकाच प्रकारचा ग्रुप डोळ्यांसमोर ठेवू: टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या आईवडिलांचा.

हा मधुमेह आजोबांच्या मधुमेहासारखा नसतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते आणि त्या संपवते. पथ्य, चालणं, गोळ्या, कारल्याचा रस, कशानेही इन्सुलिनची जागा भरून निघत नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. तोपर्यंत हे निदान म्हणजे काही महिन्यांची, फार तर एक-दोन वर्षांची मुदत असे. थॉम्पसन पुढे १३ वर्षं जगला. आज ही मुलं शिकतात, खेळतात, नोकऱ्या करतात, संसार थाटतात. पण रोजची इंजेक्शनं, बोट टोचून साखर तपासणं, रात्री उठून पाहणं हे सगळं घरच्यांच्या अंगावर असतं. डॉक्टर महिन्या-तीन महिन्यांनी भेटतात. मधले दिवस आईवडिलांचे. म्हणून ग्रुप लागतो. मे महिन्यात तासन्‌तास लाइट गेली तर इन्सुलिन मडक्यात कसं ठेवायचं, सहलीच्या दिवशी वर्गाच्या बाईंना काय सांगून ठेवायचं, पंगतीत जिलबी आली तर मुलाला नको म्हणायचं की म्हणायचंच नाही, आणि मुलगी 'मला नाही टोचून घ्यायचं' म्हणून दार लावून बसली तर काय करायचं, याची उत्तरं पुस्तकापेक्षा दुसऱ्या आईकडे लवकर मिळतात.

असा ग्रुप चालवणारी बाई बहुधा अशाच एखाद्या मुलाची आई असते. तिचंच लेकरू दवाखान्यात असेल त्या दिवशी ग्रुपला अ‍ॅडमिन नसतो. अ‍ॅपची या बाबतीतली सोयही ओबडधोबड आहे. एकुलता एक अ‍ॅडमिन ग्रुप सोडून गेला तर व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांपैकी कुणाला तरी आपण होऊन अ‍ॅडमिन करून टाकतं; माणूस कसा आहे, हे त्याला कुठलं कळायला! अ‍ॅडमिन ग्रुपमध्ये राहून नुसताच गप्प झाला, आजारी पडला किंवा वारला, तर तेवढंही होत नाही. घातक सल्ला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तसाच राहतो आणि त्रास देणाऱ्याला बाहेर काढता येत नाही. तेव्हा दुसरा अ‍ॅडमिन हवाच. प्रश्न आहे तो कोण, हा.

हा प्रश्न जपून सोडवावा लागतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर मधली पायरी नाही. फेसबुकवर अ‍ॅडमिनच्या खाली मॉडरेटर असतो; तो पोस्ट मंजूर करतो, काढून टाकतो, पण ग्रुपच्या किल्ल्या त्याच्याकडे नसतात. टेलिग्रामवर कोणता अधिकार द्यायचा आणि कोणता राखून ठेवायचा, हे एकेक करून ठरवता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा अ‍ॅडमिन केलं की तो माणूस तुमच्या बरोबरीचा. सदस्य काढू शकतो, कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो, आणखी चौघांना अ‍ॅडमिन करू शकतो. ज्याने ग्रुप मुळात काढला त्याला मात्र बाकीचे अ‍ॅडमिन बाहेर काढू शकत नाहीत, एवढंच काय ते संरक्षण.

आता निवडीकडे. अ‍ॅडमिन थकला की त्याच्या डोळ्यांसमोर पहिलं नाव येतं ते ग्रुपवर सगळ्यात जास्त बोलणाऱ्याचं. सकाळी पहिला मेसेज त्याचा, रात्री शेवटचा त्याचा. प्रत्येक प्रश्नाला उत्तर, प्रत्येक उत्तराला पुरवणी. माझ्या मते ही निवड दहातल्या आठ वेळा चुकते. (हे आठ मोजलेले नाहीत, पण ग्रुपमध्ये राहिलेला कुणीही मान हलवेल.) जास्त बोलणाऱ्याला ग्रुप दिसतो तो आपल्यासमोर बसलेल्या श्रोत्यांसारखा, त्यातल्या गप्प माणसांकडे त्याचं लक्ष जात नाही. आणि गप्प माणसं पुष्कळ असतात. ब्लेअर नॉनेकी आणि जेनी प्रीस या संशोधकांनी २००० साली ऑनलाइन चर्चागटांतल्या न बोलणाऱ्या सदस्यांची मोजदाद केली. सॉफ्टवेअरच्या गटांत असे ८२ टक्के निघाले. आजारांच्या आधारगटांत सुमारे ४६ टक्के. म्हणजे आजारपणात माणसं जास्त बोलती होतात हे खरं, तरी जवळजवळ निम्मी नुसतं वाचतातच. सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातली आई महिनोन्‌महिने काही लिहीत नाही, पण मडक्याची युक्ती तिने तिथूनच उचललेली असते. ती कधी तरी पहिल्यांदा लिहिते तेव्हा तिला काय वाट्याला येतं, यावरून ग्रुपची किंमत ठरते.

मग माणूस निवडायचा कसा? याचं एक जुनं उदाहरण आहे. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा नावाच्या धर्मगुरूने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी एक फोन सुरू केला. लोक फोन करत, चर्चमध्ये भेटायलाही येत. इतकी माणसं रांगेत, म्हणून त्यांना चहा द्यायला, सोबत बसायला काही स्वयंसेवक येऊ लागले. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं की बरीच माणसं बाहेर चहा पिता पिता बोलून मोकळी होतात आणि मग त्यांना आत येण्याची गरजच उरत नाही. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी फोनचं काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी उभी राहिली. व्हारांनी चहा देणारी माणसं काय करतात, ते पाहिलं होतं. तुम्हालाही तेच करायचं आहे: कुणाला काही न सांगता मागच्या दोन-तीन महिन्यांच्या गप्पा वर सरकवत वाचायच्या. माणूस तिथे सापडतो.

पण वाचताना नेमकं काय पाहायचं? समजा, रात्री सव्वाअकराला एका आईचा मेसेज आला: 'मुलाचे हात थरथरतायत, घाम आलाय, मशीन ५४ दाखवतंय. काय देऊ?' रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की शुगर लो झाली असं धरतात. ५४ म्हणजे लगेच काही तरी करायलाच हवं. मिनिटभरात सहा उत्तरं येतात. कुणी म्हणतो चॉकलेट द्या. खरं तर चॉकलेटमधल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. कुणी म्हणतो पोटभर जेवण द्या. एक जण हात जोडल्याचं चित्र पाठवतो. एक जण शुगर लो होण्यावरची वीस मिनिटांची व्हिडिओ लिंक टाकतो. एक जण ठामपणे लिहितो, 'उद्या सकाळचं इन्सुलिन देऊच नका.' आणि एक बाई लिहिते: 'शुद्धीवर आहे ना? नीट गिळतोय? मग तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. पंधरा मिनिटांनी परत तपासा. गिळत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.' आणि अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी तिचाच दुसरा मेसेज: 'ताई, आता किती आली?'

तुमचा दुसरा अ‍ॅडमिन म्हणजे अकरा बत्तीसचा मेसेज करणारी ही बाई. उपाय तर इतरांनाही माहीत असतो, गूगललाही माहीत असतो. पण उत्तर दिल्यावर परत येऊन विचारणारी माणसं कमी. जी येतात त्यांचं लक्ष स्वतःच्या उत्तरावर नसतं, समोरच्या लेकरावर असतं. बाकीचे गुण शिकवता येतात. हा मी तरी कुणाला शिकवताना पाहिलेला नाही.

त्या रात्रीचं आणखी एक काम उरतंच. 'इन्सुलिन देऊच नका' हा मेसेज काढायचा. टाइप १ च्या मुलाचं इन्सुलिन थांबलं की रक्तात आम्लं साचतात, उलट्या, पोटदुखी, धाप सुरू होते आणि एक-दोन दिवसांत आयसीयूची वेळ येऊ शकते. मेसेज काढणं हे एक बटण दाबण्याचं काम आहे. अवघड असतं ते पुढचं, कारण लिहिणारे गृहस्थ साठीचे असतात, कुणाचे तरी आजोबा असतात आणि ग्रुपवर सगळे त्यांना काका म्हणतात. आपल्याकडे काकांना चारचौघांत टोकता येत नाही, आणि न टोकताही चालत नाही. जमणारी बाई मेसेज काढते आणि काकांना वेगळा फोन करते: 'काका, रागावू नका, तुमचा मेसेज मी काढलाय. लहान मूल आहे, कुणी खरंच इन्सुलिन थांबवलं तर? इन्सुलिन कमी-जास्त करायचं ते डॉक्टरांनाच सांगू द्या. तुमचा तो शाळेचा अनुभव मात्र उद्या लिहा हं.' काका जरा फुरंगटतात, पण ग्रुपमध्ये राहतात. ज्याला हे जमत नाही तो एक तर काकांना घाबरून गप्प बसतो, नाही तर सगळ्यांसमोर नियम क्रमांक चार वाचून दाखवतो. दोन्हींनी ग्रुप मोडतो.

माहिती अजिबात नको असं नाही. पण ती कोणत्या जातीची हवी, ते पाहा. आपल्याकडे इन्सुलिनच्या ४० च्याही बाटल्या मिळतात आणि १०० च्याही. म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट किंवा १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. १०० चं इन्सुलिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर शरीरात जातात २५ युनिट. नवीन बाटली आणल्यापासून मुलाची साखर सारखी खाली जातेय, असं कुणी लिहिलं की ज्याच्या तोंडून पहिला प्रश्न 'सिरिंजची टोपी कुठल्या रंगाची आहे?' असा येतो, त्याने हे आयुष्य हाताने केलेलं असतं. त्याला डोस सांगायचा नसतो. चूक कुठे असू शकते ते त्याला ठाऊक असतं, आणि दुरुस्त करायला तो डॉक्टरांकडेच पाठवतो.

म्हणूनच फार नवा माणूस नको. त्याला आणखीही एक कारण आहे. निदान झाल्यावर इन्सुलिन सुरू झालं की पुष्कळ मुलांत उरल्यासुरल्या पेशी काही काळ सावरतात आणि बाहेरच्या इन्सुलिनची गरज झपाट्याने घटते. डॉक्टर याला हनिमून फेज म्हणतात. काही आठवडे, काही महिने, कधी त्याहून जास्त. मग ती संपते. नेमक्या याच काळात कुणाच्या तरी सांगण्यावरून कसली तरी पुडी सुरू केलेली असते आणि सगळं श्रेय पुडीला जातं. 'आमच्याचं बारा युनिटवरून चारवर आलं, तुम्हीही घेऊन बघा!' हे लिहिणारा बाप खोटारडा नसतो, आनंदाने वेडा झालेला असतो. त्याच्या आनंदावर पाणी न ओतता हनिमून समजावून सांगायला तो काळ स्वतः ओलांडलेलाच माणूस लागतो.

नवे लोक मदतीला फार आतुर असतात, हेही खरं. त्यात वाईट काही नाही. फ्रँक रीसमन या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ साली मांडलं होतं की स्वमदत गटांत मदत करणाऱ्यालाच कित्येकदा जास्त फायदा होतो. दुःखाला काम मिळतं. पण आपल्या मुलाचं निदान अजून स्वतःला पचलेलं नाही, अशा आईच्या हाती चारशे घरांची काळजी देणं तिच्यावरही अन्याय आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने यावर जुना तोडगा काढून ठेवला आहे. तिथे जबाबदारी घ्यायची तर सहसा काही काळ दारूपासून दूर राहिलेलं असावं लागतं, पदं फिरती असतात, आणि त्यांच्या परंपरेनुसार पुढारी हे विश्वासू सेवक असतात, राज्य करणारे नव्हेत. दारू सोडवण्यासाठी घडलेली ही रीत आधारगटांना जशीच्या तशी लागू पडते.

काही जणांना सरळ बाजूला ठेवावं. पावडर, काढा, विमा किंवा 'साखरमुक्त' मिठाई विकणारा कितीही गोड बोलो, त्याच्या हाती चारशे काळजीत पडलेल्या घरांचे नंबर देऊ नयेत. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या चमत्कारी उपायांविषयीच्या कायद्याने भारतात बंद आहे, पण फॉरवर्ड काय कायदा वाचून येतं? प्रत्येकाला 'इनबॉक्समध्ये या' म्हणणाराही नको. आणि डॉक्टर? हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल, पण डॉक्टर अ‍ॅडमिन असू नये, असं माझं मत. २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दुरून सल्ला देतानाही रुग्णाची ओळख, संमती आणि नोंद लागते. ग्रुपवर भरभर टाकलेल्या उत्तरात यातलं काहीच नसतं, पण अ‍ॅडमिन डॉक्टर आहे म्हटलं की लोक त्याचा प्रत्येक शब्द चिठ्ठी समजतात, आणि मग बाकीचे आईबाप बोलायचे थांबतात. डॉक्टरांनी महिन्यातून एकदा येऊन प्रश्नांची उत्तरं द्यावीत, ते उत्तम.

रात्रीसाठी एक चांगली सोय मराठी माणसाकडे आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. पुण्यात रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचा दीड वाजलेला असतो. तिथली एखादी मराठी आई आनंदाने रात्रपाळी सांभाळू शकते. दोन गोष्टी तिला आधी सांगाव्या लागतात. तिने ४० ची बाटली बहुधा पाहिलेलीही नसते. आणि ती इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात असेल तर तिच्या मशीनवर जे ३.० दिसतं तेच आपल्याकडे ५४ दिसतं.

माणूस सापडला की तो पहिली शंका काढतो ती पोलिसांची: 'उद्या कुणी काही घाणेरडं टाकलं तर मला आत नाही ना टाकणार?' मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे की समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल तर सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. केवळ अ‍ॅडमिन असणं हा गुन्हा नव्हे. तेव्हा अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढण्याची सोयच नव्हती. ती २०२२ मध्ये आली. त्यामुळे घातक मेसेज दिसूनही तसाच ठेवला तर 'माझ्या हातात काय होतं?' असं आता म्हणता येणार नाही, निदान ग्रुपमधल्या आयांसमोर तरी नाही.

त्याला विचारताना ग्रुपवर जाहीर करून कोंडीत पकडू नका. फोन करा, आणि काम आधी छोटं द्या: महिनाभर नवीन येणाऱ्यांचं स्वागत, त्यांना दवाखान्याचा नंबर जवळ आहे ना हे विचारणं, आणि रात्री दहानंतर लक्ष. एवढ्यासाठी अ‍ॅडमिन करण्याची गरजही नाही. जमतंय असं दोघांनाही वाटलं की मग बटण दाबा. त्याआधी चार ओळी लिहून घ्या: कुणालाही काढायचं तर दोघांनी बोलून, आपसांतले मतभेद ग्रुपवर नाहीत, फोनवर, कुणाच्या मुलाची गोष्ट ग्रुपबाहेर जाणार नाही, घरातही नाही, आणि वर्षभराने दोघंही पुन्हा विचार करतील. मुदत असली की सोडणाऱ्याला लाज वाटत नाही आणि सोडायला सांगणाऱ्यालाही. एखादी आई जगणं नको झाल्याचं लिहील तेव्हा काय करायचं तेही आधीच ठरवा: तिला लगेच फोन, घरातल्या दुसऱ्या माणसाशी संपर्क, आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर. तो चोवीस तास चालतो. ही जबाबदारी एकट्याने पेलायची नाही, दुसऱ्या अ‍ॅडमिनला उठवायचं.

तुमच्या ग्रुपचे तुम्ही एकटेच अ‍ॅडमिन असाल तर या रविवारी दोन तास काढा आणि मागच्या गप्पा वाचा. उत्तर देऊन परत विचारायला आलेलं नाव दोन-तीनदा दिसेल. त्या माणसाला सोमवारीच फोन करा. तुमचं मूल आजारी पडेल त्या दिवशी नव्हे.